चालताना-पळताना तोल मोजायचा कसा? फोन, कमरपट्टा आणि एक वही

सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत किंवा पोलो ग्राउंडवर गेलं की निम्म्या मनगटांवर घड्याळ दिसतं. किलोमीटर, पेस, नाडीचे ठोके सगळ्यांना पाठ असतात. तोलाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. तो आठवतो पाय मुरगळल्यावर, नाहीतर घरातलं वयस्कर माणूस बाथरूममध्ये घसरल्यावर. खरं तर तोल मोजायला लागणारा, प्रवेग टिपणारा सेन्सर जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतोच. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती त्याच्याच जोरावर. या लेखात मी त्या फोनवरच काम भागवायचं ठरवलं आहे. एक्सेल किंवा गूगल शीट्स थोडंफार हाताळता येत असेल तर बाकी शाळेतलं गणित पुरतं.

बाहेरच का मोजायचं, हाही प्रश्न येतो. ट्रेडमिलवर वेग मशीन ठरवतं, जमीन सपाट असते आणि समोरून कुत्रं येत नाही. आपण पडतो ते फुटपाथच्या उचकटलेल्या ब्लॉकवर. तेव्हा मोजायचं तेही तिथल्यासारख्याच जमिनीवर.

मोजायचं नेमकं काय

तोल म्हणजे न हलणं, हा समज आधी काढून टाका. चालणारा माणूस हलणारच. प्रत्येक पावलाला धड वर-खाली होतं, डावी-उजवीकडे झुकतं, पुढे ढकललं जातं आणि किंचित अडतं. त्यामुळे आपल्याला दोनच प्रश्न विचारायचे आहेत: कंबर किती हलते, आणि ते हलणं दर पावलाला कितपत सारखं आहे. दुसरा प्रश्न जास्त कामाचा. भरपूर डुलत चालणाऱ्या माणसाचं प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच पडत असेल तर त्याची चाल चांगली सांभाळलेली असते. उलट, बेताबेताने चालणाऱ्या एखाद्याचं प्रत्येक पाऊल वेगळं पडत असतं.

म्हणून सुरुवात करण्यापूर्वी वहीत तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी चाल महिन्यागणिक सुधारते आहे का?" हा चांगला प्रश्न आहे. "दहा किलोमीटरच्या शेवटी माझी कंबर जास्त लटपटते का?" हाही चांगला. "नव्या बुटांनी फरक पडला का?" याचं उत्तर निघू शकतं, पण फरक इतका बारीक असतो की एकदोन नोंदींत तो दिसत नाही. आणि "माझा तोल चांगला आहे का?" याला या पद्धतीने उत्तर नाही. इथे तुलना होते ती तुमची तुमच्याशीच.

कोणतं यंत्र

मनगटावरचं घड्याळ या कामाला तितकंसं उपयोगी नाही, कारण हात स्वतःच झुलत असतो. धडाची हालचाल हवी असेल तर सेन्सर धडावरच हवा. गार्मिनच्या काही छातीपट्ट्या आणि कमरेला अडकवायचा छोटा पॉड पळताना शरीर किती उसळतं, पाय जमिनीवर किती वेळ टेकतो, डाव्या-उजव्यात किती फरक आहे, हे दाखवतात. आयफोनमध्ये २०२१ पासून चालण्याच्या स्थिरतेचा अंदाज आपोआप मिळतो, फक्त फोन कमरेजवळच्या खिशात ठेवून सपाट जमिनीवर चालायला हवं. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, पण त्या शिजवलेलं उत्तर देतात. मूळ आकडे हाती लागत नाहीत, त्यामुळे उत्तर असं का आलं हे तपासता येत नाही.

मूळ आकड्यांसाठी फायफॉक्स (phyphox) हे ॲप घ्या. जर्मनीतल्या आखन इथल्या तंत्रविद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी ते तयार केलं आहे. ते फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं आणि नोंद एक्सेल किंवा सीएसव्ही फाईलमध्ये बाहेर काढता येते.

फोन बांधणं: इथे घाई नको

निम्म्या नोंदी वाया जातात त्या इथेच. फोन खिशात टाकून चाललात तर मोजलं जातं ते खिशाचं हेलकावणं. ट्रॅकपॅन्टच्या सैल खिशातला फोन प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो, आणि आलेखात मस्त मोठी शिखरं दिसतात जी तुमची नसतातच.

जागा अशी शोधा. दोन्ही हात कमरेवर ठेवा. बाजूला कमरेच्या हाडांची वरची कड बोटांना लागेल. अंगठे मागे नेऊन त्या कडांना जोडणारी आडवी रेघ मनात ओढा. मणक्यावर ही रेघ जिथे येते त्याच्या थोडं खाली फोनचा मध्य आला पाहिजे. शरीराचा गुरुत्वमध्य इथून जवळ असतो, म्हणून ही जागा.

पट्ट्यासाठी औषधाच्या दुकानातला कमरदुखीचा इलॅस्टिक पट्टा उत्तम. तो रुंद असतो, वेल्क्रोने घट्ट बसतो. फोन आडवा ठेवा, उभा नको. उभा फोन कमरेच्या खोलगट भागात वर-खाली डुगडुगतो. आडवा पाठीला टेकून बसतो. खाली अंगाला चिकटणारा टी-शर्ट असावा. सलवार-कुर्ता असेल तर पट्टा कुर्त्याच्या आतून, नाडीच्या वर बांधा. साडीवर बांधायचा झाला तर निऱ्यांचा फुगवटा पुढे असतो, त्यामुळे मागे तो व्यवस्थित बसतो, फक्त पदर कमरेला खोचू नका, खोचलात तर रोज तसाच खोचा. घामाचे दिवस असतील तर फोन आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला. जाड कव्हर काढून ठेवा.

बांधल्यावर फोनला बोटाने हलकी टिचकी मारा. तो पट्ट्यात हलला तर आणखी आवळा. श्वास नीट घेता आला पाहिजे, एवढीच मर्यादा.

फोनमधल्या तीन दिशा लक्षात ठेवा. फोन आडवा असल्यावर त्याची रुंदीची दिशा, म्हणजे एक्स, वर-खाली होते. लांबीची दिशा वाय, ती डावी-उजवी. स्क्रीनमधून आरपार जाणारी झेड, ती पुढे-मागे. खात्री करायला गुरुत्वाकर्षणासह प्रवेग मोजणारा प्रयोग उघडा आणि ताठ उभे राहा: एक्समध्ये ९.८ च्या जवळचा आकडा दिसला पाहिजे. फोन उलटा असेल तर तोच उणे दिसेल, त्याने बिघडत काही नाही. वाय आणि झेड शून्याच्या आसपास असावेत. झेडमध्ये एक-दोन आले तर घाबरू नका, कंबरेचा बाक आहे, फोन थोडा कलतोच.

रस्ता आणि वेग

कमाटीबाग १८७९ सालची. ती रमतगमत फिरायला आखली, मोजमापाला नव्हे, त्यामुळे आतले रस्ते वळणदार आहेत. वळणावर धड आत झुकतं आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणून बागेतला असो, पोलो ग्राउंडच्या कडेचा असो की सोसायटीतला, सरळ, सपाट, शंभर मीटरच्या वर लांब असा एक तुकडा शोधा आणि कायम तोच वापरा. शंभर मीटर टेपने मोजून दोन्ही टोकांना ओळखीच्या खुणा धरा: दिव्याचा खांब, झाड, बाक, काहीही. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की बागेच्या सखल भागात पाणी शिरतं आणि नंतर गाळ राहतो. त्या आठवड्यांच्या नोंदी इतर नोंदींत मिसळू नका. मगरींसाठी प्रसिद्ध असलेल्या नदीकाठी पाय घसरवून बघण्याचीही गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवखे हेच सोडून देतात: वेग. वेग वाढला की कंबरेचं हलणं वाढतंच. वेग फार कमी झाला की पावलांचा सारखेपणा घटतो. म्हणजे काल रेंगाळत आणि आज झपझप चाललात तर आकडे बदलतील, तोल तसाच असला तरी. वेग न लिहिलेली नोंद मी सरळ पुसून टाकतो.

वेगासाठी जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या आकाशाखालीही त्यात तीन ते पाच मीटरची चूक असते, झाडांखाली आणखी. शंभर मीटरच्या तुकड्यात ती चूक खटकते. साधं स्टॉपवॉच घ्या. शंभर मीटर ७७ सेकंदांत म्हणजे सेकंदाला १.३ मीटर, साधारण मोकळ्या चालीचा वेग. तुमचा नेहमीचा वेळ काढा आणि त्याच्या पाच टक्के इकडेतिकडे आलेल्याच फेऱ्या धरा. ७७ सेकंदांसाठी ७३ ते ८१. बाकीच्या बाद.

बूट तेच, वेळ शक्यतो तीच. मे महिन्यात सात वाजल्यानंतर बडोद्यात फोनही तापतो आणि माणूसही. उत्तरायणाच्या आसपास मात्र पतंगाच्या मांज्याकडे लक्ष ठेवून चालावं लागतं, तेव्हा मान वर-खाली होते. ते दोन दिवस सुट्टी घ्या.

नोंद घेणं

फायफॉक्समध्ये ठरावीक वेळेने सुरू आणि बंद होण्याची सोय आहे. वीस सेकंदांची उसंत आणि पुढे तीन-चार मिनिटं नोंद, असं लावा, म्हणजे फोन बांधताना बटण शोधत बसावं लागत नाही. नोंद सुरू झाली की दहा सेकंद स्थिर उभे राहा. मग टाचा उचलून तीनदा जमिनीवर आपटा. आलेखात तीन सुळके उमटतील, सुरुवात कुठे झाली ते त्यांवरून कळेल. मग चाला. नजर पुढे. कोणी ओळखीचं भेटलं तर मान हलवू नका, उद्या माफी मागता येईल.

एका नोंदीत निदान दोनशे पावलं सरळ रेषेत हवीत, म्हणजे नेहमीच्या चालीने १३० ते १४० मीटर. तुकडा छोटा असेल तर दोन फेऱ्या घ्या आणि मधलं वळण कापून टाका. सुरुवातीची आणि शेवटची आठ-दहा पावलंही कापा, कारण तेव्हा वेग बदलत असतो.

हिशेब

फाईल उघडली की पहिल्या रकान्यात वेळ आणि पुढे एक्स, वाय, झेड दिसतील. आधी सेकंदाला किती ओळी आहेत ते बघा: शेवटच्या आणि पहिल्या वेळेतला फरक काढा आणि ओळींच्या संख्येला त्याने भागा. फोनप्रमाणे १००, २०० किंवा याहून जास्त येईल. पुढचं उदाहरण १०० धरून आहे.

पहिला आकडा, *किती हलतं*. प्रत्येक रकान्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, काढा. सरासरी त्यात आपोआप वजा होते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि फोनचा किरकोळ कल बऱ्यापैकी बाजूला पडतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ: वर-खाली २.४, डावी-उजवी १.५, पुढे-मागे १.६. तिघांचे वर्ग करून बेरीज १०.५७, तिचं वर्गमूळ सुमारे ३.२५. आता १.५ ला ३.२५ ने भागा: ०.४६. म्हणजे एकूण हालचालीत बाजूला जाण्याचा वाटा. नुसत्या १.५ पेक्षा हा भागाकार बरा, कारण वेगातला थोडासा फरक तो पचवून घेतो. बाजूच्या दिशेवर खास नजर ठेवायची, कारण पुढे-मागे सावरायला पुढचं पाऊल असतं. बाजूला सावरण्याचं काम नितंबाच्या स्नायूंवर आणि पाऊल किती रुंद टाकलं यावर पडतं.

दुसरा आकडा, *कितपत सारखं*. याला ऑटोकोरिलेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम नाही. वर-खालीचा रकाना कॉपी करा आणि शेजारच्या रकान्यात काही ओळी वर सरकवून चिकटवा. किती ओळी? मिनिटाला ११० पावलं असतील तर एका पावलाला ०.५४५ सेकंद, म्हणजे ५४-५५ ओळी. आता मूळ रकाना आणि सरकवलेला रकाना यांचं कोरिलेशन काढा. म्हणजे शीटला आपण विचारतो: हे पाऊल आधीच्या पावलावर ठेवलं तर कितपत जुळतं? ५० पासून ६० पर्यंत एकेक ओळ सरकवून बघा आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. तो झाला *पावलाचा* सारखेपणा. तो ज्या ओळीवर आला तीही लिहा: ५४ वर आला तर ६००० भागिले ५४, मिनिटाला १११ पावलं. हाताने मोजलेल्या पावलांशी ताडून बघा, नाही जुळलं तर फाईलमध्ये काहीतरी घोळ आहे.

मग दुप्पट सरकवा, १०५ ते ११५. आता डावं पाऊल पुढच्या डाव्याशी आणि उजवं उजव्याशी जुळवलं जातं. हा *जोडपावलाचा* सारखेपणा. दोन्ही आकडे १ च्या जितके जवळ, तितकी चाल नियमित. पावलाचा ०.६५ आणि जोडपावलाचा ०.८५ आला तर चाल नियमित आहे, पण डावं आणि उजवं एकसारखं नाही. गुडघ्याच्या दुखण्यात, जुन्या मुरगळण्यात किंवा एका हातात भाजीची जड पिशवी असताना असंच दिसतं. पिशवीचा प्रयोग करूनच बघा: दोन किलो बटाटे एका हातात, मग दोन्ही हातांत एकेक किलो.

डावी-उजवीच्या रकान्यावर हेच केलंत तर एका पावलाच्या अंतरावर आकडा उणे येतो. चूक नाही ती. एका पावलाला कंबर डावीकडे जाते, पुढच्याला उजवीकडे, म्हणजे तिथे उलटच असायला हवं. उणे आलं नाही, तर दिशा ओळखण्यात चूक झाली आहे.

एवढं हातात बसलं की पुढच्या पायऱ्या आहेत. अलेक्झांडर ल्यापुनोव या रशियन गणितज्ञाने १८९२ साली गतीच्या स्थैर्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या नावाचा घातांक आज चालीसाठीही काढतात. जवळजवळ सारख्या दोन क्षणांपासून पुढची हालचाल किती झपाट्याने वेगळी होत जाते, हे त्यातून कळतं. लहानशा नोंदींवर तो काढायची रीत १९९३ मध्ये रोझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दिली आणि पायथन या संगणकभाषेत ती वापरता येते. पण पावलांची संख्या बदलली की हा आकडा हलतो, तेव्हा प्रत्येक नोंदीत जोडपावलं तेवढीच ठेवा, आणि निदान दीडशे ठेवा. नवख्यांनी पहिले काही महिने यात पडू नये असं माझं मत. ऑटोकोरिलेशनमध्ये जे दिसत नाही ते ल्यापुनोवमध्ये शोधणारे बहुतेक जण शेवटी पट्टाच सैल बांधत असतात.

पळताना काय बदलतं

पळताना दोन्ही पाय हवेत असतात तो क्षण आलेखात स्वच्छ दिसतो: वर-खालीचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो, कारण कंबर आणि फोन दोघेही एकत्र मोकळे पडत असतात. मग पाय टेकतो आणि सुळका. हे सुळके वरून कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले तर फोनच्या सेन्सरची मर्यादा ओलांडली गेली आहे. वर-खालीचा आकडा सोडा आणि बाजूच्या दिशेवर काम करा.

मिनिटाला १६५ पावलं असतील तर एका पावलाला ३६ ओळी, जोडपावलाला ७३. पट्टा चालण्यापेक्षा घट्ट हवा. फोन नडगीवर बांधायचा मोह टाळा. जवळपास दोनशे ग्रॅमचा ठोकळा तिथे स्वतःच लटपटतो. नडगीसाठी छोटे वेगळे सेन्सरच घ्यावे लागतात.

थकव्याचा प्रश्न असेल तर पूर्ण पळण्याची नोंद नको. पहिल्या किलोमीटरनंतर तुमच्या शंभर मीटरच्या तुकड्यावर एकदा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा. तिन्ही वेळा वेग *तोच*. शेवटी दमून हळू पळालात आणि आकडे सुधारलेले दिसले, तर सुधारला आहे तो फक्त आराम.

मऊ मातीवर शरीराला धक्का कमी बसतो असं सरसकट धरू नका. जमीन मऊ झाली की आपण नकळत पाय ताठ करतो, कडक झाली की सैल. पोलो ग्राउंडची कच्ची जमीन आणि डांबरी रस्ता यांची तुलना करायची असेल तर एकाच सकाळी, आलटून पालटून करा.

मन गुंतलं की

हा प्रयोग सोपा आणि सगळ्यात बोलका. एक फेरी गप्प चाला. दुसरी फेरी एकोणतीसचा पाढा मोठ्याने उलटा म्हणत चाला. वेग तोच ठेवा. पावलाचा सारखेपणा किती घसरला ते बघा. चालणं आपोआप होतं असं वाटतं, पण डोकं दुसरीकडे गेलं की पावलांना त्याचा भार जाणवतो, आणि वय वाढतं तसा जास्त. रस्त्यात फोनवर बोलत चालणाऱ्या काकांना हा आलेख दाखवून बघा. वाद बंद होतो, बोलणं बंद होत नाही.

घरातल्या वयस्करांसाठी

आजी-आजोबांची नोंद घेणार असाल तर सोबत चाला, मागे अर्धं पाऊल आणि दुखऱ्या बाजूला. काठी असेल तर काठीसकटच मोजा. ती काढून घेऊ नका. त्यांच्यासाठी शंभर मीटर जास्त होत असतील तर तीस-तीस मीटरच्या फेऱ्या चालतील, मध्ये खुर्ची ठेवा. आधीच पडणं, चक्कर, पाय बधिर होणं, नव्याने सुरू झालेली रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी यांपैकी काही असेल तर मोजमाप बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. वहीत तारीख, वेळ, रस्ता, बूट, वेग, औषधात झालेला बदल आणि हे दोन-तीन आकडे ओळीने लिहिलेले असतील तर ती वही सोबत न्या. फिजिओथेरपिस्टला फोनमधल्या आलेखापेक्षा ती वही चाळायला सोपी जाते.